गावात माणसंच नाहीत

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही — म्हणून असेल.

शीळ रस्त्यावरच्या फाट्यापासून आमचं गाव बरंच आत. जुनी घरं आमची, थोडीच. पण भातशेतीच्या जागी आम्ही चाळी बांधल्या आणि गाव भाडेकरूंनी भरलं. कोकणातले, घाटावरचे — आमच्यापेक्षा तेच जास्त. माझीही एक चाळ आहे. परवानगी? कुणाकडेच नव्हती. त्यामुळे शर्ट खोचलेला अनोळखी माणूस दिसला, की तो सरकारी माणूसच, असं मला वाटायचं.

तसाच एकजण भरदुपारी ओट्यापाशी आला. "काकी, इथे किती लोक राहतात?"

"कुठे कोण? खोल्या रिकाम्याच आहेत."

तो हसला. "घाबरू नका हो. गावात बस सुरू करायचा विचार आहे. माणसं किती, ते बघतोय."

बस! किती वर्षं मागत होतो आम्ही. पण मला वाटलं — असंच गोड बोलून माहिती काढून घेतात, आणि मग चाळ पाडायला येतात. समोर दोरीवर चार घरांचे कपडे वाळत होते. तरी मी म्हटलं, "गावात माणसंच नाहीत. सणाला येतात, जातात."

बस शेजारच्या गावाला गेली. एकट्या माझ्या शब्दावर ठरलं असेल? पण त्या वेळी सगळे कामावर — दुसरं भेटणार कोण होतं त्याला?

चाळीत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी मुद्दाम खोटं सांगितलं म्हणून. माझी भाडेकरू सविता, राजापूरकडची. नळावर माझ्याकडे बघत म्हणाली, "गावातल्याच कुणाचं तरी काम आहे, काकी."

माझ्याकडेच का बघत होती? कळलं होतं का तिला? मी घाबरले, आणि तोंडातून निघून गेलं — "सुनील बोलत होता त्या माणसाशी. मी पाहिलं."

सुनील म्हणजे फाटा ते गाव रिक्षा चालवणारा. आत येणारी तेवढी एकच रिक्षा. बस आली असती तर त्याचाच धंदा बसला असता, त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं. मी काहीएक पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी गावात होता की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही.

पोरांनी त्याची रिक्षा अडवली, समोरची काच फोडली. तो "आईशप्पथ, मी नाही" म्हणत राहिला. मी दारातून बघत होते. एक शब्द बोलायचा होता — नाही बोलले. तो परत कधी गावात आला नाही.

सविताच्या सासूचं डोंबिवलीला डायलिसिस चालू होतं. सुनीलच त्यांना दारातून उचलून रिक्षात बसवायचा. आता सविता त्यांना फाट्यापर्यंत चालवत न्यायची, डंपरच्या धुळीतून, मध्येमध्ये दगडावर टेकवत. बाहेरचे रिक्षावाले आत यायला तयार नसत. मग एखादी खेप चुकायला लागली. मग आणखी एक. गणपतीनंतर आजी गेल्या. डॉक्टर म्हणाले, तशाही त्या... नाही, ते वाक्य मला वापरायचं नाही.

सविता खोली सोडून दिवा स्टेशनजवळ राहायला गेली. जाताना माझ्या पाया पडली. खरंच मनापासून? की मनातलं मला कळू द्यायचं नव्हतं तिला? अजून ठरत नाही.

मागच्या महिन्यात कल्याणच्या बाजारात सुनील दिसला. आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो. मला टाळेल असं वाटलं, पण तोच थांबला.

"काकी, सविताताईंची सासू कशी आहे?"

ठाऊक नव्हतं त्याला? की मला जोखत होता? मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. काही नव्हतं तिथे. साधं विचारत होता.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

"बरं वाटलं," तो म्हणाला. "मी येणं बंद केल्यावर तेवढाच घोर लागला होता."