आधी शिफ्ट, मग तांदूळ

रझियाआपांशी माझा परिचय भाताच्या पातेल्यावरून झाला. गोष्ट माझ्या मोठेपणाची नाही. तरी त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या पुस्तिकेत तीच लिहिणे योग्य.

यजमान निवृत्त झाले, तेव्हा कारखान्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांना मी संध्याकाळी आकुर्डीच्या घरी जेवायला बोलावले. निम्म्यांची दुसरी शिफ्ट होती; ते आलेच नाहीत. उरलेला भात घेऊन मी ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आपा आडव्या आल्या.

“ताई, भात विटला का?”

“नाही. उरलाय.”

“मग त्याचा काय कसूर? बोलावताना शिफ्ट विचारली होती?”

“जेवायला बोलावताना शिफ्ट कोण विचारतं?”

“आकुर्डीत राहतो ना आपण? आधी शिफ्ट विचारायची, मग तांदूळ धुवायचे.”

शाळेत शिक्षिका म्हणून मी जन्मभर इतरांना सुनावले. मला सुनावणाऱ्या त्या पहिल्याच.

पातेले त्या आपल्या घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या भातात जिरे-मिरची मळून गच्चीवर सांडगे घातले आणि वाळल्यावर डबाभर मला दिले. तो डबा माझ्या फळीवर पंधरा दिवस पडून होता. मुसलमानाच्या हातचे म्हणून मी ते तळत नव्हते. अखेर यजमानांनीच कढई चढवली.

“तांदूळ तुझे, ऊन आपल्या गच्चीवरचं. मग अडलंय कुठं?”

मी खाल्ले.

डबा रिकामा परत करू नये, म्हणून शेंगदाण्याची चटणी भरून मी प्रथमच आपांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात पाटी होती. मुलगा चाकणला कामाला, सून तळवड्याला. प्रत्येकाची शिफ्ट आणि खाली भाकऱ्यांचा आकडा. आपांनी पाच पुसून सहा केले. “बसा,” एवढेच म्हणाल्या.

आज आमच्या इमारतीत बऱ्याच घरी अशी पाटी आहे. पाटी लावा, असे आपांनी कुणाला सांगितल्याचे मला आठवत नाही.

यजमान शेवटच्या आजारात जेवेनासे झाले, तेव्हा आपा रोज पेज आणत. वाटीत चारच चमचे. मी कारण विचारले. “उरलं की आजारी माणसाला अपराधी वाटतं,” त्या म्हणाल्या. ती वाटी यजमान संपवत. दुसरे काही संपत नसे.

ते गेल्यावर एकटीसाठी स्वयंपाक करणे मी सोडले होते. आपांच्या पाटीवर माझी एक भाकरी लिहिली गेली. ती अजून आहे.

आपांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि पाटीवरचा आकडा पुढेही त्यांच्याच हातचा असो.

सत्काराच्या जेवणाला येणाऱ्यांनी आपापली शिफ्ट सकाळीच मला कळवावी. तांदूळ त्यानंतर धुतले जातील.