आमचं नेट आणि घटाआधीचं धुणं

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठमोठे टॉवर येतात. आम्ही त्या टॉवरांच्या मागच्या गल्लीत राहतो, एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर. चहूबाजूंनी इमारती, त्यामुळे ऊन आणि मोबाइलची रेंज दोन्ही आमच्या खिडकीपाशी येतात, आत डोकावतात आणि परत जातात. म्हणून घरात वायरचं नेट घेतलं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे भाग बनवणारे छोटे कारखाने आम्हाला माल देतात, तो तपासायचा, हे माझं काम. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. कंपनी बस नाही, तळेगाव चौकातली वाहनांची रांग नाही. आरामात चहा पीत मीटिंग करायची.

आणि मग नेट जायला लागलं.

जायचं म्हणजे कसं, तर सकाळी दहा-साडेदहाला राऊटरशेजारच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकायचा आणि स्क्रीनवरचे सगळे साहेब तोंड उघडं ठेवून गोठायचे. तक्रार नोंदवली की फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगायची, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा." मी इतक्यांदा बंद करून चालू केलं की त्या बटणाला घट्टे पडले असतील. तपासायला त्यांचा माणूस यायचा संध्याकाळी, आणि संध्याकाळी नेट ठणठणीत. तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरच्या दारात खेळायला लागतं ना, तसं. तो माणूस डब्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "सगळं ओके दाखवतंय, मॅडम." त्याच्या नजरेत माझ्याविषयी काळजी असायची.

नवऱ्याने प्रकरण हातात घेतलं. तो एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्यांच्याकडे मशिन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारतात, म्हणजे मूळ कारण सापडतं म्हणे. सेकंड शिफ्ट असली की तो सकाळी घरी असायचा. एकदा नेट गेल्यावर तो राऊटरसमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

"नेट का जातं? लाल दिवा लागतो म्हणून. लाल दिवा का लागतो? वायर ढिली होते. वायर का ढिली होते? डबा हलतो. डबा का हलतो? कुणीतरी तो पुसतं. का पुसतं?"

इथे त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिथे सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या लातूरकडच्या, त्यांना कुणी गप्प बसवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

"मला म्हणायलास का रे?" त्या तिथूनच म्हणाल्या. "घरातली धूळ मी पुसते ते कुणाला दिसंना, अन् नेट गेलं की आईच?"

त्या दिवसापासून त्यांनी त्या फळीला हात लावणं सोडलं. धूळ अशी साचली की बोटाने नाव लिहावं. नेट जातच राहिलं. रोज लाल दिवा लागला की सासूबाई लेकाला मुद्दाम हाक मारायच्या, "ये, विचार की तुझं का-का!"

नवरा हटला नाही. ढगाळ दिवशी नेट जास्त वेळ गायब असतं, हे त्याच्या लक्षात आलं. एवढं खरं होतं. लख्ख ऊन असेल तर जेवणाच्या वेळेपर्यंत नेट यायचं, आभाळ असेल तर चार-चार वाजायचे. त्याने निष्कर्ष काढला, दमट हवा. मग पार्सलांतून निघालेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्याने राऊटरभोवती रचल्या. सासूबाईंनी त्या पाहून विचारलं, "हे काय, त्याला नैवेद्य?"

पितृपंधरवडा लागला आणि कहर झाला. आता नेट एकदा गेलं की दिवसभर यायचंच नाही, मध्येच दोन मिनिटं आलं तर आलं. आणि नेमकी तेव्हाच माझी ती मीटिंग झाली. एका पुरवठादाराच्या मालात दोन-चार तुकड्यांना बारीक ओरखडे होते. काही गंभीर नव्हतं. मी त्यांना समजावत होते, "ओरखडे वरवरचे आहेत. तेवढे तुकडे बाजूला काढा. सगळा लॉट रिजेक्ट करायची गरज नाही."

आपल्या भाषेत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. "सगळा लॉट रिजेक्ट" एवढं चाकणला पोचलं आणि लाल दिवा लागला.

मी मोबाइल घेऊन आधी खिडकीत, मग जिन्यात, मग रस्त्यावर धावले. पुरवठादाराने फोन उचलला तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"मॅडम, ट्रक आमच्या गेटवरूनच परत आत घेतला. निम्मा माल उतरवलासुद्धा."

"अहो, गरज नाही असं म्हणत होते मी!"

त्याने आधी हमालांना ओरडून थांबवलं. मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी 'नाही' आधी म्हणत जा."

मी घरी येऊन रडले. हसायला येण्यासारखं होतं, पण तेव्हा रडूच आलं. वरच्या साहेबांनी 'घरून काम जमत नसेल तर' अशी सुरुवात असलेला मेसेज पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा सासूबाईंचा नेम. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून पिळलेल्या गोधड्यांची बादली घेऊन मी गच्चीवर गेले. कामाच्या दिवसांत आमचे कपडे घरातच वाळतात, गच्चीवर मी वर्षातून एखाद्या वेळीच जाते. तिथे चौथ्या मजल्यावरच्या मावशी आपल्या गोधड्या झटकत होत्या. या चाकणजवळच्या गावातल्या. लेकाने फ्लॅट घेतला तेव्हा त्याच्याबरोबर इकडे आलेल्या.

"जड हाय ना? या हितं टाका," त्यांनी टाकीपासून कठड्यापर्यंत ताणलेल्या काळ्या दोरीकडे बोट दाखवलं. "लई मजबूत हाय. काय बी टाका, तुटायची न्हाई."

मी सगळ्यात जाड गोधडी उचलली आणि दोरीवर टाकली. दोरी खाली झुकली. कठड्याच्या कडेवर ती चांगलीच वाकली.

खालून जिन्यातून नवऱ्याचा आवाज आला. "गेलं गं! परत गेलं!"

मी गोधडीकडे पाहिलं. दोरी कठड्यावरून खाली कुठे जाते ते वाकून पाहिलं. ती आमच्या खिडकीत जात होती. मी गोधडी उचलून खांद्यावर घेतली.

"आलं! आलं!" खालून आवाज.

परत टाकली.

"गेलं!"

"कोन गेलं?" मावशी घाबरून छातीला हात लावून म्हणाल्या. "कोन गेलं वं?"

मी त्यांना सांगितलं की ही दोरी नाही, आमच्या नेटची वायर आहे. त्यांना आधी पटेना. मग त्यांचा चेहरा उतरला.

"व्हय? आन मी समजले सोसायटीच्या चेअरमननी बांधून दिली! त्यांना म्हनलं व्हतं, गच्चीत दोरी न्हाई, कापडं कुटं टाकू? म्हनले, बघतो. आन दुसऱ्याच आठवड्यात ही दोरी! मी त्यांना खिरीचं भांडं नेऊन दिलं. त्यांनी खाल्लं की!"

साड्या, चादरी त्या वायरने कशाबशा पेलल्या असत्या. पण मावशी गावाकडच्या सवयीने रोज काहीतरी जाड धुवायच्या, आणि घटाआधी तर घरातली झाडून सगळी पांघरुणं. ती वाळली की वायर सरळ आणि आमचं नेट चालू. नेटवाला माणूस या वेळी सकाळी आला. आतली तार काचेची असते, जास्त वाकली की उजेड अडतो, असं म्हणाला आणि भिंतीलगत वायर नीट ठोकून गेला. नवऱ्याने मावशींना खरी दोरी बांधून दिली. ती इतकी भक्कम आहे की तिच्यावर ट्रकचं इंजिन वाळत घालता येईल. "पाच 'का'मध्ये गोधडी कुठे होती?" असं मी त्याला विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं.

आता नेट जात नाही. मावशी दुपारी सासूबाईंकडे येतात आणि दोघी आळंदीचं कीर्तन टीव्हीवर लावतात. दोघींनाही कमी ऐकू येतं आणि एकीलाही ते मान्य नाही, त्यामुळे आवाज दणदणीत. परवा मीटिंगमध्ये माझा माइक चुकून चालू राहिला. कीर्तन थेट चाकणला पोचलं, आणि तो पुरवठादार हळूच म्हणाला, "मॅडम, आवाज बंद करू नका. अभंग संपू द्या."