फीचा व्हिडिओ फुकट फिरतोय

मैत्रिणींनो, मी ब्लाउज कटिंग शिकवणारे व्हिडिओ करते. दोन वर्षं फुकट दिले. नवऱ्याची नोकरी गेल्यावर फी लावली.

आज कोल्हापूरहून हुपरीला जाताना एसटीत शेजारची बाई मोबाईलवर माझाच फीचा व्हिडिओ बघत होती. व्हिडिओत माझे फक्त हात दिसतात, म्हणून तिनं मला ओळखलं नाही.

"कुठं मिळाला हो?" मी विचारलं.

"ग्रुपवर फुकट येतंय की. पाठवू तुमास्नी? लई चांगलं शिकवती ही बाई. माझं पैंजण घडवायचं काम सुटलं, आता शिलाईवरच घर चालतंय."

मी माझा नंबर दिला.

फी सोडली तर माझं घर अडतं, आणि तिच्याकडं मागायची कुठल्या तोंडानं? तुम्ही काय केलं असतं?