ऋण कार्य आणि मावशींची म्हैस

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते. बल लावलं आणि वस्तू सरकली की कार्य झालं, हे मुलींना पटलं. भिंत कितीही ढकलली तरी ती हलत नाही, म्हणून कार्य शून्य, हेही त्यांनी हसत मान्य केलं. ऋण कार्यापाशी मात्र गाडी अडली.

"काम केलं तर केलं, न्हाय तर न्हाय. उणं कसं असंल, बाई?" पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

मी फळ्यावर बाण काढले. बल इकडं, विस्थापन तिकडं. तिनं ते वहीत उतरवले आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

मी ज्यांच्याकडं खोली घेऊन राहत होते, त्या मावशींचा दुधाचा धंदा होता. एका रविवारी त्यांचा गुडघा धरला, म्हणून म्हैस तळ्यावर न्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

"लई गरीब हाय," मावशी म्हणाल्या. "नुसतं दावं धरून चाला."

तळ्याचा उतार लागेपर्यंत ती गरीबच होती. पाणी दिसलं आणि ती सुटली. मी टाचा रोवून, सगळं अंग मागं टाकून दावं ओढत होते, आणि तरी पुढंच चालले होते. एक चप्पल वाटेत राहिली. काठावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या, "अवो बाई, दावं सोडा की!" पण दुसऱ्याची म्हैस सोडायची कशी? गुडघाभर पाण्यात जाऊन ती निवांत बसली. मीही बसले, म्हणजे पडले. मान वर केली तर पहिल्या बाकावरची ती मुलगी पिळलेलं लुगडं हातात घेऊन बघत होती.

सोमवारी मी खडू उचलायच्या आत ती उठली.

"बाई, समजलं! तुमचं बल मागं, म्हस पुढं. म्हंजे तुम्ही म्हशीवर ऋण कार्य केलं."

"बरोबर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आन् म्हशीनं तुमच्यावर?"

"धन!" सगळा वर्ग ओरडला.

चाचणीनंतर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. "साऱ्या वर्गानं एकच उदाहरण लिहिलंय. कॉपी झालीय का?"

मी झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून तोंडाला पदर लावला. खांदे हलायचे थांबल्यावर म्हणाल्या, "द्या गुण. उदाहरण बरोबर आहे."