शनिवारी बंद

रोह्यातलं आमचं सायकलचं दुकान शनिवारी बंद असायचं. गावात नवीन आलेल्या माणसाला हे ठाऊक नसे. तो पंक्चर झालेली सायकल ढकलत यायचा, दुकानाला फळ्या लावलेल्या बघून शेजारच्या चहावाल्यावर चिडायचा आणि चहावाला न चुकता सांगायचा, "मारुतीचा वार हाय ना आज." मीही कितीतरी वर्षं तेच समजत होते. शनिवारी सगळं तेल मारुतीला जातं, मग सायकलींसाठी उरणार कुठून, असं मी लहानपणी ठरवूनच टाकलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. दुकान मुळात शनवार तेल्यांच्या एका घरातलं. शनवार तेली म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. वाडवडिलांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, बोलणं आपल्यासारखंच मराठी, आणि शनिवारी कामाला हात लावायचा नाही ही घराण्याची रीत. त्या घरातल्या म्हाताऱ्याने घाणा बंद पडल्यावर सायकलचं दुकान टाकलं. मी फ्रॉक घालायच्या वयात असताना तो मुलाबाळांसकट इस्राएलला निघून गेला. जाताना दुकान हाताखालच्या माणसाला देऊन गेला. हा माणूस जवळच्या खेड्यातला, भातशेतीच्या घरातला. सगळा गाव त्याला दादा म्हणायचा. म्हातारा त्याला एवढंच म्हणाला होता, "शनिवार तेवढा पाळ." म्हातारा काही परत येऊन बघणार नव्हता. तरी दादांनी तो पाळला.

म्हाताऱ्याने शिकवलेल्या आणखी दोन गोष्टी दादांनी कधी सोडल्या नाहीत. पहिली, जे हलतं त्याला तेल. सायकल पंक्चरला आणा नाहीतर घंटीला आणा, ते तेलाची पिचकारी घेऊन तिच्या सगळ्या सांध्यांवरून फिरायचे. दुसरी गोष्ट, फेरी. दुरुस्त केलेली सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते स्वतः तिच्यावर बसून कुंडलिकेच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. परत आले की मान एका बाजूला कलती करून म्हणायचे, "आवाज नाय." हे त्यांचं प्रशस्तिपत्रक. आवाज असला तर काही न बोलता सायकल पुन्हा उलटी करायचे, मग गिऱ्हाइकाची एसटी सुटो नाहीतर कंपनीची शिफ्ट चुको.

मी सायकल शिकले ती त्यांच्याच दुकानातून तासावर आणून. पोरीने सायकल चालवणं तेव्हा बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपायचं, आणि मी पडायचेही नेमकी अशांच्याच दारात. दादा पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्यावरून मान वर करून ओरडायचे, "खाली काय बघतेस गो? पुलाकडं बघ, पुलाकडं!" अजूनही तोल जायला लागला की मी आधी लांब कुठेतरी बघते.

पुढे मास्तरीण झाले, तेव्हा माझी स्वतःची हिरवी लेडीज सायकल आली. नदीपलीकडच्या खेड्यातल्या शाळेत मी तिच्यावरून तीस वर्षं गेले. ते दुकानाच्या भरभराटीचे दिवस होते. धाटावच्या कंपन्यांत जाणाऱ्यांच्या सायकली दुकानापासून चहावाल्याच्या बाकापर्यंत रांगेने लागलेल्या असायच्या. मग त्या सायकलवाल्यांनी मोटरसायकली घेतल्या, आणि त्यांच्या मुलांनी तर सायकलच घेतली नाही. दुकानात राहिल्या त्या लोकांनी दुरुस्तीला टाकून न नेलेल्या सायकली.

त्यात माझीही एक होती, हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही.

त्याचं असं झालं, मी निवृत्त झाले आणि गावातल्या सायकलिंग ग्रुपमध्ये शिरले. हेल्मेट, हातमोजे, चकचकीत कपडे घातलेली दहाबारा माणसं, सगळी माझ्याहून लहान. ग्रुपचा पुढारी एक दातांचा डॉक्टर. "आजच्या जमान्यात या सायकलीवर खिंड चढणार तुम्ही?" असं त्याने माझ्या हिरव्या सायकलीकडे बघून विचारलं, आणि माझा अभिमान डिवचला गेला. मी पेणला गेले. तिथल्या काचेच्या दाराच्या नव्या दुकानातल्या मुलीने विचारलं, "मॅम, तुमची रायडिंग स्टाइल काय?" मी म्हटलं, "सरळ बसून." तिने मला गिअरची सायकल दाखवली, जेलची सीट दाखवली, पुढचा दिवा, मागचा दिवा, पाण्याची खास बाटली दाखवली, आणि मी सगळं घेतलं. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "सायकल आणलीस की लग्नाचा बस्ता?"

हिरवी सायकल त्याआधीच मी दादांकडे तेलपाण्याला टाकली होती. आता ती आणायला जायचं म्हणजे नवीन घेतल्याचं सांगणं आलं. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता दोन वर्षं गेली. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मी नवी सायकल घेऊन त्या गल्लीतूनच जायचं सोडलं. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, मागच्या आळीने वळसा घालून जात होते.

एके दिवशी बाजारात चहावाला भेटला आणि म्हणाला, "दादा दिवाळीनंतर बंद करतायत. कामच नाय."

मला ते फार लागलं. रात्रभर मी एकच विचार केला. आमच्या ग्रुपच्या बारा सायकली दर महिन्याला टेम्पोत घालून पेणला जातात. त्या दादांकडे आल्या तर? मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "आधी तुमची देऊन बघा, मॅडम. नीट झाली तर आमच्या सगळ्यांच्या देऊ." म्हणजे दुकान राहणार की जाणार, हे आता माझ्या सायकलीवर होतं.

दोन वर्षांनी मी त्या गल्लीत शिरले. दादांनी एका अक्षराने मला बोल लावला नाही. नव्या सायकलीभोवती मात्र बैल विकत घ्यायला आल्यासारखे फिरले.

"हिला मडगार्ड नाय?"

"नाही."

"स्टँड नाय? कॅरिअर नाय? मग हिला हाय तरी काय गो?"

मी हसले, तेही हसले. मी म्हटलं, चाकातून कुईकुई असा आवाज येतो, तेवढा बघा, आणि ही चांगली झाली तर अशा अकरा अजून येतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढी उमेद मी त्याआधी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी गेले तर सायकल आरशासारखी लखलखत होती. चाक फिरवलं, आवाज गायब. दादा फेरी मारायला उठू लागले. त्यांचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता आणि सीट उंच होती. मी म्हटलं, "राहू द्या दादा. उद्या सकाळी आम्ही खिंडीत जातोच आहोत, तीच फेरी." ते क्षणभर घुटमळले आणि खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून सायकल फेरीशिवाय बाहेर पडली, आणि ती माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही भिसे खिंड चढलो. सायकल मी दुकानातून ढकलतच घरी आणली होती, आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर खिंडीपर्यंत ब्रेकला हात लावायची वेळच आली नव्हती. पलीकडे नागोठण्याच्या बाजूचा उतार लागला आणि मी ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. दुसरा दाबला, तोही तसाच. मी दोन्ही पाय रस्त्यावर घासले, लांब बघायचं सोडून खाली बघितलं, आणि सरळ करवंदीच्या जाळीत गेले. कोपर सोलवटलं, बाकी देवाने सांभाळलं.

डॉक्टरांनी सायकल उभी केली. या सायकलींचा ब्रेक रिंगेला रबर लावणारा नसतो. चाकाच्या मध्याशी पत्र्याची एक चकती असते आणि ब्रेक त्या चकतीला चिमटा घेतो. डॉक्टरांनी चकतीवर बोट फिरवलं आणि वास घेतला. "मॅडम, याला तेल घातलंय कुणीतरी."

मागून एकजण म्हणाला, "म्हाताऱ्याकडे दिली की असंच होणार." मला त्याचा संताप आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. दादांना जन्मभर ठाऊक असलेला ब्रेक रिंगेशी असायचा. तिथे त्यांना काही दिसलं नाही. चकती हलत होती, आवाज करत होती. जे हलतं त्याला तेल. एक फेरी मारली असती तर दुकानापुढच्या वळणावरच त्यांना कळलं असतं, आणि फेरी मी अडवली होती.

दोन दिवस मी घरात बसून राहिले. न सांगता गप्प बसावं, असं मनात आलं. ग्रुप काही आता येणार नाही, दुकान बंद होईलच, मग त्या माणसाने निदान ताठ मानेने बंद करावं. पण बाकीचे आले नाहीत तरी दुसरं कुणी येईल, चकतीची सायकल घेऊन, आणि तो कुणी माझ्यासारखा जाळीत न पडता ट्रकखाली जाईल. तिसऱ्या दिवशी मी सायकल ढकलत दुकानात गेले.

दादांनी कोपराची पट्टी बघितली. "पडलीस?"

"कुत्रं आडवं आलं," मी म्हटलं. इतकी तयारी करून गेले होते, तरी तोंडातून हेच आलं.

"मग ब्रेक नाय लागला?"

त्या प्रश्नापुढे मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं. फेरी मी थांबवली हेही सांगितलं. दादांनी चकतीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "आवाज करत व्हती गो ती. म्हणून तीन येळा घातलं."

मला रडू आलं. त्यांनी चहावाल्याकडून गरम पाणी मागवलं आणि साबणाने चकत्या घासघासून धुतल्या. चिमट्याच्या नव्या गाद्या डॉक्टरांनी माझ्याजवळ दिल्या होत्या, त्या उलटसुलट करून बघितल्या आणि कुणी न शिकवता बरोबर बसवल्या. मग मला काही न विचारता सीट खाली केली आणि तो गुडघा घेऊन फेरीला निघून गेले.

बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत. मी बघायला निघणार, तेवढ्यात वळणावर दिसले. सायकल हातात धरून, लंगडत येत होते.

"लागतो," ते म्हणाले. "लय चांगला लागतो. आपल्या रबराच्या तोंडात मारील असा." हँडल माझ्या हातात दिलं. "पण हे माझं काम नाय, बाय. बाकीच्यांना सांग, पेणलाच न्या."

दिवाळीनंतर तीनेक आठवड्यांनी मी भाजी घेऊन येत होते. वार शनिवार, आणि दुकान उघडं. मी रस्त्यातच थांबले. आत भिंती मोकळ्या झाल्या होत्या. लोकांच्या सायकली ज्याच्या त्याला घरपोच गेल्या होत्या. पान्हे, पंप, सोल्युशनच्या डब्या एका गोणीत भरून गोणीचं तोंड बांधलेलं. मधोमध एकच सायकल उभी होती, माझी हिरवी, नव्यासारखी पुसलेली.

"दादा, आज शनिवार!"

"आता दुकान कुठं हाय गो?" ते म्हणाले. "दुकान असतं तर पाळला असता." मग हिरव्या सायकलीकडे हनुवटीने खूण केली. "ही शेवटची. मला फेरी जमायची नाय. तू मार. आणि त्या दिवशी सांगितलंस तसं खरं सांग."

भाजीची पिशवी मी त्यांच्याजवळ ठेवली आणि निघाले. सरळ बसून, पुलाकडे बघत. सायकल पाण्यासारखी चालत होती. पुलावरून वळले आणि मला ऐकू आलं. मागच्या चाकात, प्रत्येक फेऱ्याला एकदा, अगदी बारीक टक. दुसऱ्या कुणाला ऐकूही आलं नसतं.

दादा दारात उभे होते, मान एका बाजूला कलती करून. "आवाज नाय" म्हटलं असतं तर त्यांनी समाधानाने फळ्या लावल्या असत्या. माझ्या ओठांवर आलंही होतं.

"मागच्या चाकात टकटक आहे, दादा."

ते खाली बसले आणि गोणीची गाठ सोडली. चाक खोललं, बेअरिंगचा एक फुटका छर्रा तळहातावर घेऊन मला दाखवला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. छर्रा बदलला, मी पुन्हा फेरी मारून आले. आता टकटक गेल्यामुळे पॅडलची कुरकुर ऐकू येत होती, ती सांगितली. पुढच्या फेरीला चेन कुठेतरी घासते असं वाटलं, तेही सांगितलं. एकही आवाज मी पदरचा घातला नाही.

त्या शनिवारी दुकान दिवेलागणीपर्यंत उघडं होतं.