लाखेचं सील
पोस्टात पार्सलावर लाख वितळवल्याचा वास आला, की नाशकातलं आमचं तुपाचं दुकान आठवतं. मी नवी सून होते. विलायती वनस्पती तूप नुकतंच बाजारात आलं होतं, म्हणून भेसळ तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर दुकानोदुकानी फिरत होता. त्यानं आमचं तूप तीन बाटल्यांत भरून लाखेनं सील केलं आणि एक बाटली सासऱ्यांना दिली. "आमच्या तपासणीत खोट निघाली, तर हीच पुन्हा तपासायला देता येईल; कोर्टात हीच तुमच्या बाजूनं बोलेल. सील मोडू नका," तो म्हणाला. सासूबाईंनी ती देवघरात ठेवली. मग घरात कुणाला चैन पडेना; सासरे भरल्या ताटावरून उठत, गिऱ्हाईक तूप हुंगून परत जाई. अखेर समन्स आलं, तूप भेसळीचं ठरलं होतं. सासरे देवघरात धावले. सील फुटलेलं, बाटली रिकामी आणि निरांजन तेवत होतं. "अहो, देवापुढं ठेवलेलं तूप देवाच्याच निरांजनात घातलं मी रोज," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याहून मोठी तपासणी कोणाची?" सासऱ्यांनी रिकामी बाटली उजेडाकडं धरून पाहिली. सासूबाई मान वर न करता वाती वळत राहिल्या. त्यांनी ते तूप श्रद्धेनं जाळलं की त्यातही खोट निघेल या भीतीनं, हे त्यांच्या वयाची झाले तरी मला कळलेलं नाही. निरांजनात तूप घालताना हात अजून अडतो.