नांदेड, लातूर, निलंगा: तात्या कशानं गेले, हे विचारायला

मराठवाड्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनो, आपली तक्रार सारखीच आहे. वाडवडिलांनी आपल्याला शेताचा गट नंबर सांगितला, कुलदैवत सांगितलं, कोणत्या घरी सोयरीक करायची नाही तेही सांगितलं. पण आजोबा कशानं गेले, चुलते कशानं गेले, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: "वय झालं होतं." कमरेखालच्या आजाराला आपल्याकडे नावच नसतं. "लघवीचा त्रास" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे, हे या वर्षी कळलं. वय छप्पन्न. उपचार सुरू आहेत, आवाज शाबूत आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे केला. "तीन पिढ्या लिहून आणा. कर्करोग कुणाला झाला, कितव्या वर्षी. बहुतेकांना हा आजार वारशानं येत नाही. तुमच्यात येतोय अशी शंका आली, तर तुमची जनुकीय तपासणी करू. धाकट्या भावाला मात्र आत्ताच तपासून घ्या."

तीस वर्षं सभा गाजवणारा मी, त्या कागदावर वारलेल्या वडिलांच्या नावापुढे "लघवीचा त्रास?" एवढंच लिहू शकलो. म्हणून बॅग भरली.

सकाळच्या एसटीनं नांदेड सोडलं. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आहे, साडेतीन तास धरा. सकाळी निघणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन लागत नाही. अहमदपूरच्या थांब्यावर चहा बरा मिळतो.

लातूरला धाकटा भाऊ विलास असतो. सेहेचाळीस वर्षांचा, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी या शहरात मदतीचे ट्रक यायचे. आता पोरांच्या गाद्या घेऊन टेम्पो येतात. त्याच्या गल्लीत मेस, अभ्यासिका आणि गुणवंतांचे फोटो यांच्यामध्ये माणसाला चालायला जागा नाही.

"रक्त देऊन ये," मी म्हणालो. "पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. पाच मिनिटांचं काम."

"दादा, परीक्षा तोंडावर आलीय. आणि मला काही होत नाहीये."

"मलाही काही होत नव्हतं."

"झालं सुरू भाषण!"

दिवसभर पोरांना आनुवंशिकता शिकवणारा माणूस हा! मी भाषण आवरतं घेतलं. माझ्या बाबतीत ही बातमीच आहे.

दुसऱ्या दिवशी निलंगा. स्टँडबाहेर गाड्यावर निलंगा राईस खाल्ला, तिखटानं कानातून वाफ निघाली. सोबत पाणी ठेवा. तिथून काळीपिवळीनं गोदाआत्याच्या गावी. माझ्या वडिलांची ही बहीण, ऐंशीच्या पुढची. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव ते. सरळ रस्ते, एकसारखी घरं. बरीचशी कुलूपबंद, कारण पोरं पुण्याला गेलीत.

भाकरी आणि येसराची आमटी झाल्यावर मी थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा विषय काढला. आमच्या घरात ते "भूकंपात गेले" एवढंच सांगतात.

"गेला की भूकंपात," आत्या म्हणाली. "पर त्याच्या आदी वरीसभर बाजंवरच हुता त्यो. लघवीतनं रगत जायचं. कंबर धरून वरडायचा. पन्नाशीबी झाली नव्हती बग."

"मग कधी बोलली नाहीस?"

"कुनी इचारलं? त्या पहाटं समदे भाईर पळाले. त्याला उटताच आलं न्हाई. आन् आता कागूद घिऊन आलाय शाना."

मी लिहून घेतलं. भूकंपानं आमच्या चुलत्यांना नेलंच, पण जाताना त्यांचा आजारही मातीखाली पुरून गेला.

"आन् सुंदराचं?" आत्यानं विचारलं. सुंदरा म्हणजे धाकटी आत्या. "छातीत गाठ झालती. चाळिशीबी बघितली न्हाई. पर तिचं कशाला लिवतो? ती दुसऱ्या घरची झालती."

मीही पेन खिशात ठेवलं. पुरुषाचा आजार, त्यात बाईचं काय?

संध्याकाळी लातूरला विलासच्या रिकाम्या वर्गात मी हे सहज सांगितलं. तो खुर्चीवरून उठलाच. "दादा, सुंदराआत्याचं आधी लिही!" त्यानं फळ्यावर आमचं घराणं काढलं. चौकोन पुरुष, वर्तुळ बाई, आजारी असेल तो खडूनं भरायचा. "बीआरसीए-टू नावाचं एक जनुक आहे. त्यातला बिघाड बाईला स्तनाचा कर्करोग देऊ शकतो आणि पुरुषाला प्रोस्टेटचा. तो लेकीकडेही जातो, लेकाकडेही. लग्न लावून दिलं म्हणून जनुकं माहेरी राहत नाहीत."

"म्हणजे सगळं रक्तातच लिहिलेलं?"

"नाही. आज तू बंद घरं पाहिलीस ना? काही घरांच्या भिंतीलाच तडा असतो, तो वारशानं येऊ शकतो. काहींची भिंत ठणठणीत, पण दाराला कुलूप. पेशीला सांभाळणारं जनुक आत कोंडलेलं. मिथाइल नावाच्या रासायनिक खुणेनं अशी कुलपं लागतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे फार दिसतं. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात."

"भूकंपाच्या धक्क्यानं लागली असतील का कुलपं?"

"वाक्य टाळ्यांचं आहे, दादा. पुरावा नाही. सभेत फेकू नकोस."

लक्षणांवरून तात्यांचा चौकोन त्यानं भरला. सुंदराआत्याचं वर्तुळ भरलं. वडिलांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह. माझा भरला. मग स्वतःचा काढला आणि खडू खाली ठेवला.

"रिकामा म्हणजे निरोगी?" मी विचारलं.

"तपासलं असेल तर निरोगी," तो म्हणाला, आणि खडू उचलून त्यानं तिथंही प्रश्नचिन्ह काढलं. सकाळी माझ्या बसच्या आधी तो लॅबमध्ये जाऊन आला.

नांदेडला परतलो. विलासचा आकडा वाढलेला निघाला. त्याचा अर्थ कर्करोगच असा नाही, पण पुढची तपासणी हवी. परीक्षेचं नाव न काढता तो बुधवारच्या एसटीनं आला. माझं रक्त जनुकीय तपासणीला गेलंय. फळ्यावरचं घराणं उतरवून घेतलेला डॉक्टरांचा तो कागद टेबलावर उघडा होता. माझ्या लेकीनं, पल्लवीनं, तो वाचला आणि विचारलं, "बाबा, यात मी कुठे आहे?" मी तिला काढलंच नव्हतं. तिच्याच पेनानं तिचं वर्तुळ काढलं, आत प्रश्नचिन्ह.

तेव्हा आज एकच करा. घराण्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईला फोन लावा आणि विचारा: कुणाला काय झालं होतं, कितव्या वर्षी? सासरी गेलेल्या लेकींसकट विचारा, आणि ती सांगेल ते लगेच लिहून घ्या.